अर्धा तास लिही

अर्धा तास हे मराठीत वेळेचं माप नाहीये. हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही लोकांचे फॉर्म भरता भरता. लाईट गेली की अर्ध्या तासात येते, डॉक्टर राउंडवर असले की अर्ध्या तासात येतात, पाव्हणे फाट्यावर उतरले की अर्ध्या तासात दारात. आणि साठीपुढच्या कुणालाही विचारा की रोज किती वेळ चालता, तर माणूस क्षणभर छताकडे बघतो आणि म्हणतो, "असंल की, अर्धा तास."

झालं असं की काही वर्षांपूर्वी एका रिसर्च प्रोजेक्टसाठी साताऱ्यात आणि जवळच्या दोन गावांत घरोघरी जाऊन फॉर्म भरायचं काम मला मिळालं. विषय काय, तर साठीपुढची माणसं आठवड्याभरात किती हलतात. म्हणजे मोजायचं शरीर, पण विचारायचं तोंडाला. ट्रेनिंगमध्ये बजावून सांगितलं होतं की उत्तर सुचवायचं नाही, मान डोलवायची नाही, "वा" म्हणायचं नाही, चेहरा एसटीच्या कंडक्टरसारखा कोरा ठेवायचा. पहिल्या दिवशी मी हे सगळं पाळलं, दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन इतकं होतं की अर्ध्या गोष्टी सुटल्या, आणि आठवड्याच्या शेवटी मी स्वतःच विचारत होते, "म्हणजे अर्धा तास धरू का आजोबा?" आजोबा म्हणायचे धर. त्यांना काय, त्यांच्या बापाचं काय जातंय.

पुढं डेटा एंट्री झाल्यावर मॅडमनी मला बोलावलं आणि स्क्रीनवर चालण्याचा कॉलम दाखवला. तीस, तीस, साठ, तीस, पंधरा, साठ, तीस. "तुझ्या शंभर फॉर्मात एकही माणूस पस्तीस मिनिटं चालत नाही?" मी गप्प. खरं म्हणजे पस्तीस मिनिटं कोण चालतं का? पस्तीस मिनिटं चालणारा माणूस मोबाईलकडे बघत चालतो, आणि माझे लोक मोबाईल घरी विसरून जाणारे.

पण ते नंतर. आधी अडलं ते शब्दांवर. फॉर्मवर लिहिलेलं "शारीरिक हालचाल". कागदावर बरोबर आहे, पण हालचाल हा शब्द आपण कुठं वापरतो? आयसीयूच्या बाहेर. "काय हालचाल आहे का हो पेशंटची?" मी एका चांगल्या धडधाकट काकूंना विचारलं, मागच्या सात दिवसांत तुमची शारीरिक हालचाल किती होती, त्या दचकल्या. "अगं मी बरी आहे की." व्यायाम म्हणावं तर बायका एकदम हसायच्या, व्यायाम पैलवान करतात. काम म्हणावं तर रिटायर पुरुष ओशाळायचे. शेवटी मी "हिंडणं-फिरणं, उठबस, कामधाम" असं सगळं एका दमात म्हणायला लागले, जे ट्रेनिंगच्या नियमात बसत नाही, पण निदान लोक बोलायला लागले.

शेवटचा प्रश्न तर अजूनच अवघड. दिवसभरात किती वेळ बसून असता? इंग्रजीत हा साधा प्रश्न असेल. आपल्याकडे "बसून असणं" ही शिवी आहे. पोरगा काय करतो, बसून आहे. आणि मी हे विचारणार ज्यांना ऑफिसातनं हार-नारळ देऊन घरी बसवलंय त्यांना. एक काका एसटीत मेकॅनिक होते, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कागदात तोंड घातलं. "बसत नाही मी," म्हणाले. आम्ही दोघंही तेव्हा खुर्चीवर बसलेलो होतो, पाऊण तास झाला होता.

फॉर्म दोन होते. एक आयपॅक, म्हणजे इंटरनॅशनल फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी क्वेश्चनेअर. जगभर चालतो, त्याचा छोटा अवतार फक्त सात प्रश्नांचा. मागच्या सात दिवसांत जोराचं काम किती दिवस, मध्यम किती दिवस, चालणं किती दिवस, आणि त्या त्या दिवशी किती वेळ. मध्यम कामाची मूळ उदाहरणं काय दिलीत माहितीय? हलकं ओझं नेणं, साध्या वेगानं सायकल चालवणं, आणि डबल्स टेनिस. डबल्स टेनिस! आमच्या मराठी कॉपीत ते काढलं होतं, पण ट्रेनिंगला मूळ वाचलेलं असल्यामुळे मला प्रत्येक घरात तो टेनिसचा चेंडू उडताना दिसायचा. आणि हा फॉर्म मुळात १५ ते ६९ वयासाठी. सत्तरीनंतर माणसानं काय करायचं म्हणता? ते नंतर लोकांच्या लक्षात आलं आणि स्वीडनमध्ये म्हाताऱ्यांसाठी थोडा बदलून घेतला.

दुसरा पेस, म्हणजे फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी स्केल फॉर द एल्डर्ली, तो खास पासष्टीपुढच्यांसाठीच अमेरिकेत १९९३ साली आला. याचं मला कौतुक वाटलं कारण यात घरकाम, बाग, दुसऱ्याची देखभाल हे सगळं धरलंय, नुसता खेळ आणि जिम नाही. पण आहे अमेरिकेतलाच. हलक्या खेळात गोल्फ, तोही गाडीत बसून खेळायचा, आणि धक्क्यावर बसून मासेमारी. अंगणकामात बर्फ काढणं. प्रत्येक गोष्टीला ठरलेले मार्क आहेत आणि गंमत म्हणजे घरकामाला किती वेळ ते विचारतच नाहीत, नुसतं हो की नाही. हलकं घरकाम केलं का? हो, २५. जड घरकाम? हो, २५. आता एका घरात रिटायर साहेबांनी आठवड्यात एकदा, मी आले म्हणून बहुतेक, टीपॉय पुसला, त्यांना २५. त्यांच्या मिसेस सात माणसांची भांडी घासतात, त्यांनाही २५. सरकारनं २०१९ ला वेळेचा सर्व्हे केला होता, पहाटे ४ पासून दुसऱ्या दिवशी पहाटे ४ पर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाचे कप्पे पाडून (बघा, तिथंही अर्धा तासच), त्यात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि करणाऱ्या पुरुषांची ९७. पेसच्या हिशेबात दोघं एका ओळीत.

एक घर आठवतं. नवऱ्याला पॅरालिसिस, चार वर्षं खाटेवर. बाई सत्तरीच्या, किरकोळ अंगाच्या. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, चादर ओढून वर सरकवायचं, डायपर, स्पंजिंग, रात्रीसुद्धा. मला म्हणाल्या, "माझं काय लिहितेस, मी कुठं बाहेरच पडत नाही. माझं फिरणं बंदच झालंय." आयपॅकमध्ये चालणं शून्य आलं. पेसमध्ये दुसऱ्याची देखभाल, हो, ३५ मार्क. त्याच्या दोन ओळी वर अंगणातला पाला-बर्फ काढणं, ३६. म्हणजे नवरा पाल्यापेक्षा एका मार्कानं हलका. मी हे त्यांना सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या असं मला वाटतं, पण तेवढ्यात आतनं हाक आली.

गावाकडची कथा निराळी. तिथं एक आज्जी होत्या, वय विचारलं तर म्हणाल्या "सत्तरीच्या म्होरं असंल, तूच बघ आधारवर." मी गेले तर घरात नव्हत्या, शेजारणीनं सांगितलं भांगलायला गेल्यात. म्हणून मी शेतातच गेले. सोयाबीन होतं, पाच-सहा बायका आपापली पात, म्हणजे वाट्याला आलेला पट्टा, धरून पुढं सरकत होत्या. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते, भांगलण म्हणजे उकिडवं बसून खुरप्यानं तण काढत जायचं, डाव्या हाताची मूठ भरली की बाजूला टाकायची, आणि उठायचं नाही, बसल्या बसल्याच पाऊलभर पुढं. आज्जींचं अंग फार हलतच नव्हतं, नुसतं मनगट आणि घोटे. बांधावर पाणी प्यायला आल्या तेव्हा मी फॉर्म काढला.

"आज्जी, मागच्या सात दिवसांत…"

"सात म्हंजी कवाधरनं? बाजारच्या आधी का मागनं?"

हे फार महत्त्वाचं आहे खरं तर. सात दिवस हे आपल्यासाठी कॅलेंडर आहे, त्यांच्यासाठी बाजार ते बाजार. मधे एकादस, एक दिवस पाऊस, एक दिवस नात आली. असं वारावारानं विचारत गेलं की सगळं आठवतं, मिनिटात विचारलं की काहीच आठवत नाही. मी विचारलं दिवसाला किती वेळ भांगलता. "दोन पाती हुत्यात." दोन पाती म्हणजे किती तास? "सकाळी न्ह्यारी करून येतो, दिवस कलल्यावर जातो." मी हिशेब घातला, जेवणाची सुट्टी वजा करून सहा तास. सहा तास मध्यम काम, सहा दिवस. लिहिलं.

आणि जोराचं काम? ओझं उचलणं, खणणं? "छ्या, आता कुठलं. म्हातारी झाली. आता बसून असती मी." हे बोलताना डोक्यावर चुंबळ होती आणि बांधावर गवताचा भारा बांधून ठेवलेला, जाताना घेऊन जायचा.

आता पुढची मजा. आयपॅकचा हिशेब करायचे नियम आहेत. कुठल्याही एका प्रकारात दिवसाला १८० मिनिटांच्या वर उत्तर आलं तर ते १८० धरायचं, कारण माणसं फुगवून सांगतात. तर आमच्या आज्जींचे सहा तास कॉम्प्युटरनं तीन केले. दुपारनंतरची अख्खी पात गेली. आणि दुसऱ्या बाजूनं १० मिनिटांच्या आतलं सगळं शून्य, सलग १० मिनिटं असेल तरच मोजायचं. आता म्हाताऱ्या माणसाचा दिवस बघा. दोन मिनिटं नळ आला म्हणून, चार मिनिटं वर गच्चीवर कपडे, तीन मिनिटं दाराशी कोण आलं, परत खाली, परत वर कारण चिमटे राहिले. दिवसभर तुकडेच तुकडे, एकही दहाचा नाही. कागदावर ती बाई पुतळा. २०२० साली डब्ल्यूएचओनं नव्या सूचना काढल्या त्यात ही १० मिनिटांची अट काढून टाकली, सगळे तुकडे धरा म्हणाले, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, आणि पासष्टीपुढं आठवड्यातनं तीन दिवस तरी तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायाम. पण सूचना बदलल्या म्हणून जुने फॉर्म लगेच बदलत नाहीत, आमच्या फॉर्मवर ती ओळ छापलेलीच होती.

तुम्ही म्हणाल मग विचारता कशाला, मशीन लावा. लावलं की. थोड्या लोकांना सात दिवस कंबरेला बांधायला एक छोटी डबी दिली होती पट्ट्यासकट, दिवसाला निदान दहा तास बांधायची, आंघोळीला काढायची. आज्जींनी नऊवारीवर बांधली. तिसऱ्या दिवशी गावातल्या चार बायका मला वाटेत अडवून विचारायला लागल्या की तो पाठदुखीचा पट्टा आम्हाला पण मिळंल का. आज्जींना गुण आलाय म्हणे.

डबी परत आल्यावर तिच्यातला आलेख बघितला. शेतावर जायचं चालणं छान उंच उंच, आणि मग सकाळी नऊपासून जवळजवळ सपाट. डबी कंबरेला, आणि भांगलताना कंबर हलतच नाही. मशीनच्या मते आज्जी दिवसभर बसून होत्या. आज्जीसुद्धा तेच म्हणाल्या होत्या म्हणा, "बसून असती मी." त्या दोघांचं एकमत झालं आणि मधल्यामधे माझा सहा तासांचा हिशेब खोटा पडला.

या सगळ्यावर आकडे आहेत. २००३ साली १२ देशांतल्या लोकांवर आयपॅक तपासला तो पेपर आम्हाला वाचायला दिला होता. एकाच माणसाला थोड्या दिवसांनी परत विचारलं तर उत्तरं बऱ्यापैकी जुळतात, ०.८ च्या आसपास, म्हणजे १ म्हणजे तंतोतंत आणि ० म्हणजे काहीच मेळ नाही असं धरलं तर. पण तीच उत्तरं मशीनशी ताडून बघितली तर जेमतेम ०.३. मी हे दोन आकडे बराच वेळ बघत बसले. म्हणजे माणूस आज जे सांगतो तेच पुढच्या आठवड्यात सांगतो, ठामपणे सांगतो, फक्त ते त्याच्या कंबरेशी जुळत नाही. याला खोटं म्हणायचं का? खोटं बोलणाऱ्याचं उत्तर दर वेळी बदलतं, हे पोलिसांना विचारा. हे उत्तर पक्कं आहे. ते कशाचं तरी खरं उत्तर आहे, फक्त आपण विचारलेल्या प्रश्नाचं नाही.

मला ते कळलं अण्णांमुळे.

अण्णा म्हणजे माझे वडील, तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. पाटबंधारे खात्यातनं रिटायर. साताऱ्यात राहणाऱ्याला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी, आमच्या गावाच्या डोक्यावरच अजिंक्यतारा आहे आणि सकाळी अर्धं गाव किल्ला चढत असतं. अण्णा आणि त्यांचे पाच जण तीस वर्षं जातायत. अण्णांची ओळखच तशी, "ते होय, किल्ल्यावर जाणारे." फॉर्म भरायची प्रॅक्टिस म्हणून मी पहिला त्यांचाच भरला होता. चालणं किती दिवस? "सातही दिवस. किल्ला." किती वेळ? "तास सव्वा तास." मी लिहिलं, आणि अभिमानानं लिहिलं. नंतर एक डबी शिल्लक होती, ती पण त्यांना बांधली, गंमत म्हणून.

आलेखात सकाळी सहानंतर बारा मिनिटं चालणं होतं. मग चाळीस मिनिटं काहीच नाही. मग बारा मिनिटं परत. सातही दिवस तस्सं.

मी आधी डबीला दोष दिला. मग बॅटरीला. मग रविवारी सकाळी म्हटलं अण्णा मी येते तुमच्याबरोबर. ते जरा घुटमळले, पण म्हणाले चल. पायथ्याला, रस्ता वर वळतो त्याच्या अलीकडे एक कट्टा आहे, शेजारी चहाची टपरी, तिथं बाकीचे बसलेलेच होते. पाचातले आता तीन. आम्ही पण बसलो. कुणी उठेना. वरनं तरुण पोरं घामाघूम होऊन पळत उतरत होती, त्यांच्या वेळा सांगत होती एकमेकांना. फौजदारकाकांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांना चढ जमत नाही, हे मला माहिती होतं. हे माहिती नव्हतं की ते बंद झाले त्या दिवसापासून बाकीचेही वर गेले नाहीत. कुणी ठरवलं नव्हतं, पहिल्या दिवशी त्यांच्यासोबत थांबले, दुसऱ्या दिवशी थांबले, आणि आता दोन वर्षं झाली. घरी सगळे अजून "किल्ल्यावर जाऊन येतो" म्हणूनच निघतात. फौजदारकाका पण. त्यांनीच मला विचारलं, "काय गं, आज तू पण किल्ल्यावर?" मी म्हटलं हो.

येताना अण्णा रस्त्यात चार ठिकाणी थांबले. दूधवाल्याशी बोलले, एका कुत्र्याला बिस्किट घातलं, एका घराचं बांधकाम कुठवर आलंय ते बघितलं, आणि एकदा नुसतेच उभे राहिले, कठड्याला हात धरून, शहराकडे बघत. मी मनातल्या मनात वजाबाकी करत होते, सवय लागलेली. त्यांना म्हटलं, "अण्णा, हे उभं राहणं चालण्यात धरत नाहीत." तर म्हणाले, "का? या वयात उभं राहणं काय फुकट असतं का?"

नाहीये खरंच फुकट. मेट नावाचं एक एकक आहे, स्वस्थ बसलेल्या माणसाला किलोमागे मिनिटाला ३.५ मिली ऑक्सिजन लागतो ते एक मेट, आणि चालणं म्हणजे ३.३ मेट, असे सगळे हिशेब त्याच्यावर चालतात. तो ३.५ आकडा सगळ्यांना सरसकट लावला गेला. साठीपुढच्यांसाठी वेगळं कोष्टक आलं ते २०२४ साली, त्यात बसल्या जागचा आकडा ३.५ ऐवजी २.७ धरलाय. म्हणजे म्हाताऱ्या शरीराचं मापच वेगळं, हे अण्णांनी कठड्याला धरून मला आधीच सांगितलं होतं असं म्हणायला हरकत नाही. मी त्यांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं कळलं त्यांना," आणि पेपर वाचायला लागले.

परवा त्याच प्रोजेक्टचा पुढचा राउंड सुरू झाला. अण्णा आता एक्याऐंशीचे, कट्ट्यावर दोघंच उरलेत. फॉर्म तोच, प्रश्न तेच. मी ओट्यावर कागद ठेवून विचारलं, चालणं किती दिवस? "सातही. किल्ला." रोज किती वेळ? मी बारा आणि बारा चोवीस असं स्वतःच लिहून टाकलं होतं, यावेळी एकदम शिस्तीत, मॅडमना पस्तीस नाही तर निदान चोवीस तरी द्यायचा म्हणून. अण्णांनी चष्मा लावून कागद ओढला.

"चोवीस काय लिहिलंस? असं असतं का कुठं?"

"मोजलंय अण्णा."

"आता वेळ लागतो गं मला. येताना तर जास्तच. अर्धा तास लिही."

घड्याळ लावून मी परत मोजलं नव्हतं, तीन वर्षं झाली होती. चोवीसवर काट मारली आणि वर तीस लिहिलं.